डिप्रेशन शोधलं आणि ईसीजी सापडला

परवा रविवारी भाची म्हापशाहून फोंड्याला आली, लॅपटॉप काखोटीला. सायकॉलॉजीच्या एमएला प्रोजेक्ट घेतलाय, मानसिक आजारांवरचं संशोधन किती वाढलं ते पेपर मोजून बघायचं. मी जन्मभर लायब्ररीत कार्डं लावलेला माणूस, म्हणून मामाकडे. मलाही वाटलं सोपं आहे, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, शब्द टाकायचा, डावीकडे वर्षवार पट्ट्यांचा आलेख येतो, तो उतरवून घ्यायचा, झालं.

तिने डिप्रेशन टाकलं, पट्ट्या चढतच गेल्या. "मामा, बघ केवढी वाढ!" म्हटलं, आधी दोन-चार पानं उघडून तर बघ. तर मध्येच हृदयरोगाचे पेपर, ईसीजीतली रेघ खाली जाते ना त्यालाही एसटी डिप्रेशनच म्हणतात. मग श्वास मंदावतो ते रेस्पिरेटरी डिप्रेशन. मन खचण्याशी काडीचा संबंध नाही. म्हणून मेश वापरायचं, म्हणजे अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन 1960 पासून विषयशब्दांची जी ठरलेली यादी चालवतेय ती. आमच्या कार्डावरच्या मथळ्यांचीच थोरली बहीण!

पण खरी गंमत पुढे. नुसता शब्द टाकून काढलेला आलेख 1975 ला एकदम उसळतो. भाची म्हणते, कुठलं तरी नवं औषध निघालं असेल. अगो, त्याआधीच्या नोंदींना सारांशच नाहीत, 1975 पासून यायला लागले, मग शब्द सापडायला जागाच वाढली, संशोधन रातोरात कुठे वाढतं?

तीच गत आपल्या गोव्याची. 1988 ते 2013 पर्यंत नोंदीत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता असायचा, 2014 पासून सगळ्यांचे घ्यायला लागले. म्हणजे पर्वरीच्या संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेतला माणूस पेपरात आहे पण पहिलं नाव लंडनवाल्याचं, तर तो जुना पेपर पत्त्यात गोवा टाकून सापडणारच नाही आणि 2014 नंतरचा सापडेल, मग आपण हुरळून म्हणणार गोव्यात संशोधनाला भरती आली.

आणि नुसती वाढ सांगून तरी काय? विज्ञानातले पेपर साधारण 10 ते 15 वर्षांत दुप्पट होतात हे विज्ञानाचा इतिहासकार डेरेक प्राइसने 1963 च्या पुस्तकातच मांडलंय, त्यामुळे एकूण वैद्यकीय पेपरांत आपल्या विषयाचा वाटा किती ते बघायला हवं. मला तर त्याहून कुठून छापलं हे महत्त्वाचं वाटतं. अथुला सुमतिपाला आणि संगाथच्या स्थापनेत असलेले विक्रम पटेल यांनी सहा नामांकित सायकियाट्री जर्नलं चाळली होती, 2001 चा पेपर आहे, जगातले 90 टक्क्यांहून जास्त लोक जिथे राहतात तिथून आलेलं लेखन जेमतेम 6 टक्के! हे मी सांगितल्यावर पोरगी जरा गप्प झाली.

तोपर्यंत बांगड्याचं हुमण निवलं आणि बहिणीचे दोन फोन येऊन गेले. शेवटी तिने आलेखाचा प्रिंट काढला, त्यावर लाल पेनाने दोन उभ्या रेघा मारल्या, एक 1975 ला, दुसरी 2014 ला, आणि म्हणाली, सोमवारी गाइडना आधी या रेघाच दाखवते, बाकीचं मग.