आमची वाटचाल : सिग्नलचा डबा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ट्रॅफिक सिग्नलचे कंट्रोलर, म्हणजे चौकातले दिवे चालवणारे डबे, बनतात. सुरुवात पिवळ्या ब्लिंकरपासून झाली, त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. खरा धंदा एलईडी आल्यावर उभा राहिला, आणि कटकटही तेव्हाच सुरू झाली. जुना बल्ब शंभरेक वॉट खायचा, एलईडी दहा-पंधरात भागवतो. दिवा चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे ट्रायक. त्याला झटक्यांपासून वाचवणाऱ्या स्नबरमधून थोडी वीज गळते, तिचं बल्बला काहीच वाटत नसे. एलईडी मात्र बंद असतानाही मिणमिणतो. लाल चालू आणि हिरव्याचीही धुगधुगी, म्हणजे अपघाताला आवतण. उपाय असा : प्रत्येक लॅम्पला समांतर, ही गळती पिऊन टाकणारा ब्लीडर रेझिस्टर लावायचा आणि ‘लाल दिवा गेला’ हे करंट मोजून ओळखणाऱ्या सर्किट कार्डाची मर्यादा खाली आणायची. ही मर्यादा तशीच ठेवली, तर कार्ड धडधाकट दिव्यालाही मेलेला समजतं.

दोन आडव्या रस्त्यांना एकदम हिरवा मिळू नये, ही जबाबदारी आम्ही मुख्य प्रोसेसरवर कधीच टाकली नाही. त्यासाठी वेगळं कॉन्फ्लिक्ट कार्ड असतं. ते दिव्यांकडे जाणारं व्होल्टेज परत वाचतं आणि घोळ दिसला की अर्ध्या सेकंदाच्या आत चौक फ्लॅशिंगवर टाकतं, म्हणजे दिवे नुसते लुकलुकते ठेवतं. हे कार्ड काढलं की डबा स्वस्त होतो. टेंडरात आम्ही कुणासमोर पडतो, ते यावरून ओळखा.

डब्याचं म्हणाल तर सोलापूरचा मे महिना हीच आमची टेस्टिंग लॅब. बाहेर 43 अंश, म्हणजे पत्र्याच्या आत त्याहून बरंच जास्त. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांमागे साधारण निम्मं होतं. म्हणून पॉवर सप्लायमध्ये 105 अंशांपर्यंत चालणारेच कपॅसिटर, वर मोकळी फट ठेवून दुसरं छप्पर, आणि केबलची भोकं ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद. नाहीतर पाल आत शिरते आणि लॅम्प कार्डावर जळून मरते, कार्डासकट.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक महापालिका नाही, जिल्ह्यातला एक साखर कारखाना आहे. गळीत हंगामात त्यांच्या गव्हाणीकडे (ऊस टाकायच्या जागेकडे) जाणाऱ्या रस्त्याला गेट, सिग्नल आणि लूप (वरून वाहन आलं की ओळखणारी, रस्त्यात पुरलेली वायर) आमचे. लूप टाकायचा म्हणजे रस्त्यात पाचेक सेंमी खोल खाच मारायची, कोपरे तिरके कापायचे (काटकोन ठेवलात तर वायरचं इन्सुलेशन तिथेच फाटतं), तीन-चार वेढे घालायचे आणि डब्यापर्यंतची वायर घट्ट पिळायची. एवढं करूनही ऊस वाहतूक लूपला गंडवते. ट्रॅक्टर पुढे सरकला की मागे फक्त ट्रॉलीची दांडी उरते, ट्रॉलीचा सांगाडा पडतो उंच. लूपला वाटतं वाहन गेलं, आणि अडसर नेमका जोडावर उतरतो. टायरच्या बैलगाडीत लोखंड इतकं कमी की कधी कधी ती आल्याचाच पत्ता नाही. म्हणून लूपच्या जोडीला आडवा फोटो-बीम (प्रकाशकिरण अडला की वाहन ओळखणारा सेन्सर) दिला. बीम मोकळा झाल्यावरही तीन सेकंद थांबायचं, मगच अडसर खाली. कार्यकारी संचालक बदलले, चेअरमन बदलले, पण देखभालीचा करार आमच्याकडेच राहिला.

त्या करारानेच पुढे आम्हाला वाचवलं. एका शहरात कॅमेऱ्यावर चालणाऱ्या ‘स्मार्ट’ सिग्नलचं टेंडर निघालं. उलाढालीची अट अशी की आमच्यासारखे दारातच अडले. काम बड्या कंपनीला गेलं आणि डबे आम्ही पोटकंत्राटात दिले. डबे चालले. कॅमेऱ्यांची चाचणी काही पास होईना, आणि बिल एकत्र, म्हणून आमचेही पैसे अडकले!

कॅमेरे का हुकले, ते आमच्या माणसांना पहिल्याच फेरीत दिसलं होतं. वाहन ओळखायची चौकट स्टॉप लाइनच्या मागे आखली होती, आणि आपल्याकडच्या दुचाक्या उभ्या राहतात लाइनच्या पुढे. एसटीच्या आड रिक्षा झाकल्या जायच्या. पश्चिमेकडे तोंड केलेला कॅमेरा संध्याकाळी आंधळा. वर, कॅमेरा गेला की ‘वाहन आहेच’ असं धरून पूर्ण कमाल हिरवा दिला जाई. रिकाम्या रस्त्याला हिरवा, भरलेला रस्ता ताटकळत. चौकट तीन-चार मीटर पुढे ओढा, काच दर पंधरवड्याला पुसा, कॅमेरा गेला तर ठरलेल्या वेळापत्रकावर या, असं आम्ही लेखी दिलं. लहान गावच्या फर्मचं कोण ऐकतो! इकडे बँकेच्या सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा संपली, पार्ट्सवाल्यांनी उधारी बंद केली. कारखान्याने वर्षाच्या देखभालीचे पैसे आगाऊ दिले नसते, तर शेडला कुलूप लागलं असतं.

आता कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. एकामागच्या एका चौकात सलग हिरवा हवा असेल तर आधी डब्यांची घड्याळं जुळवा. ताशी 30 किमीने 500 मीटरला 60 सेकंद लागतात, तेवढाच पुढच्या चौकाचा हिरवा उशिरा हवा. घड्याळातल्या साध्या क्रिस्टलची 20 पीपीएमची (दहा लाखांत वीस) चूक दिवसाला पावणेदोन सेकंद होते, महिन्यात पन्नासच्या वर. मग सलग हिरव्याचा सलग लाल होतो. डब्यात वेळ उपग्रहावरून जुळवणारं जीपीएस मॉड्यूल घाला. आणि सायकल (दिव्यांची एक पूर्ण फेरी) वीज आल्या क्षणापासून मोजू नका, मध्यरात्रीपासून मोजा. नाहीतर लाइट गेली-आली की प्रत्येक चौकाचा ताल वेगळा. टायमिंगचा तक्ता दाराला आतून चिकटवा. आणि हवालदाराचं हाताने चालवायचं बटण काढू नका. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतल्या नंदीध्वजांना कुठलं सॉफ्टवेअर वाट देणार? हात काढला की मात्र डब्याने दोन-तीन सायकलींत हळूहळू तालावर यावं, एकदम उडी मारू नये.

त्या शहरात आमचे डबे अजून चालू आहेत, कॅमेरे बंद. अनामत अद्याप मिळालेली नाही.