ऋषिकेशला राफ्टिंग ठरवताना बुकिंगवाल्याने आणलेला वैताग

ट्रेन, रूम पटापट झालं, घोडं अडलं ते राफ्टिंगच्या बुकिंगवर.

भाचा 13 वर्षांचा, आणि उत्तराखंडात राफ्टिंगला किमान वय 14 आहे. म्हणून फोनवर आधी तेच विचारलं, तर समोरचा म्हणे फॉर्मवर 14 लिहून टाका, कोण बघतंय! डोकंच फिरलं माझं. मुलाच्या जिवाचा प्रश्न आणि याला फक्त राफ्ट भरायची घाई. बरं, स्ट्रेच कुठला, म्हणजे नदीत कुठून कुठपर्यंत नेणार, ते तरी सांगा म्हटलं, तर "फुल थ्रिल पॅकेज आहे सर" एवढंच. अहो पण ऋषिकेशपर्यंत ब्रह्मपुरीपासून साधारण 9 किमी, शिवपुरीपासून 16 आणि कौडियालापासून 36, यात जमीनअस्मानाचा फरक आहे, कौडियालाच्या बाजूला 'द वॉल'सारखा ग्रेड 4 च्या वरचा रॅपिड (खळाळत्या पाण्याचा टप्पा, ग्रेड जितका मोठा तितका अवघड) लागतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांना तिथे न्यायचं नसतं. सोबत सेफ्टी कयाक (कुणी पाण्यात पडलं तर मदतीला येणारी छोटी होडी) असेल का, यावर परत तेच, आधी ॲडव्हान्स टाका मग बघू. रोज फोन, रोज "संध्याकाळी सांगतो", आणि मी बायकोवर विनाकारण चिडचिड करत बसलेलो.

शेवटी त्याला नाही म्हटलं आणि दुसरा शोधला. या माणसाने पैशाचं बोलायच्या आधी सगळ्यांची वयं, कुणाला दमा, हार्टचा त्रास, पाठीचं दुखणं आहे का ते विचारलं आणि भाच्याला सरळ नाही म्हणाला. इतकं बरं वाटलं ना मला! भाचा खट्टू झाला, ताई त्याच्यासोबत काठावर थांबली, पण मी ठाम होतो.

शिवपुरीचा स्ट्रेच घेतला, रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स हे रॅपिड त्यातच येतात, आम्हा नवख्यांना ते भरपूर झाले. ॲडव्हान्स टाकायच्या आधी स्ट्रेच, कयाक आणि वयाची अट तिन्ही व्हॉट्सॲपवर लेखी मागा, टाळाटाळ केली तर फोन ठेवा.

हां, जुलै-ऑगस्टची तिकिटं काढू नका, पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं. चष्म्याला दोरी बांधा. पाणी भर उन्हाळ्यातही गारठवतं, कोरडे कपडे गाडीत ठेवा. आणि पाण्यात पडलातच तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, उथळ पाण्यात उभं राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकतो. गाइड हे सुरुवातीला सांगतो तेव्हा सगळे सेल्फी काढत असतात, तेवढी पाच मिनिटं फोन आत ठेवा.