हौद, लोखंड आणि आईंचं लिंबू

पुण्यातल्या सूसचा बंगला घेतला तेव्हा मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव त्याच्यासोबतच आला. नवऱ्याचं मत होतं, माती भरा आणि आंबा लावा. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, त्याला पहिल्या दिवसापासून ‘हौद’ म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो.

मार्चमध्ये हौद बोअरच्या पाण्याने भरला. ग्लासात धरलं तर पाणी काचेसारखं नितळ. देखभालीला येणारे दादा म्हणाले, “ताई, पहिल्यांदा जरा जोरात डोस देऊ,” आणि त्यांनी अंदाजाने ब्लीचिंग पावडर टाकली. सकाळी बघते तर हौदभर चहा. बिनदुधाचा. बोअरच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन पडलं की त्याचा गंज होतो आणि रंग उमटतो. हे मला तीन महिन्यांनी कळलं. त्या सकाळी मी दादांची पावडर खराब आहे असं समजून त्यांच्यावरच उखडले.

तुरटी टाकली, रात्रभर पाणी स्थिर ठेवलं, तळाचा गाळ ओढून काढला. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ झालं. पण पांढऱ्या सिमेंटच्या पायऱ्यांवर कातासारखे तपकिरी डाग राहिले. मी ब्रशने घासले, मग आणखी क्लोरीन टाकलं. कपड्यांचे डाग ब्लीचने जातात, तर हे का नाही जाणार? डाग गडद झाले.

एप्रिल-मेमध्ये दुसरंच दुखणं. रोज पावडर टाकायचा कंटाळा, म्हणून तरंगत्या डब्यात ठेवायच्या 200 ग्रॅमच्या क्लोरीनच्या गोळ्या आणल्या. आठवड्याला दोन. पिवळा रंग दाखवणाऱ्या थेंबांनी पाणी तपासलं की नळीत गडद पिवळं दिसायचं, म्हणजे क्लोरीन भरपूर. तरीही भिंतींवर हिरवट बुळबुळीत थर. दादांनी मोरचूद सुचवलं. शेवाळ त्याने मरतं खरं, पण तांब्याचे हिरवे-निळे डाग पडायची भीती होती. तपकिरी पुरेसे होते.

एकदा मात्र मी दादांवर खरोखर ओरडले. गोळ्यांचा चुरा ज्या मगात होता त्याच मगाने ते ब्लीचिंग पावडर काढायला निघाले होते. ही दोन्ही क्लोरीनचीच, पण कोरडी एकत्र आली तर पेट घेऊ शकतात. फरशीचं ॲसिड क्लोरीनजवळ नेलं तर विषारी वायू. तेव्हापासून तीन मग, तीन रंगांचे, आणि पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही.

आता आईंचं लिंबू. जूनच्या सुरुवातीला त्या वरच्या पायरीवर पाय सोडून बसल्या होत्या, हातात सरबताचं पिळलेलं लिंबू. सहज त्यांनी पायरी चोळली. “अगं, हे लोखंडाचे डाग. धोतरावर असे पडले की आम्ही लिंबू-मीठ चोळून उन्हात घालायचो.” चोळलेली जागा फिकी झाली होती! मी औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन सीची गोळी आणली आणि खालच्या पायरीवरच्या डागावर दोन मिनिटं दाबून धरली. गोळी उचलली तर खाली पांढरा गोल. लोखंडच.

कोपऱ्यातल्या जांभळ्या डागांवर तीच गोळी धरली, काही फरक नाही. तो डाग वरच्या जांभळाच्या झाडाचा. तिथे चिमूटभर क्लोरीन टाकलं आणि तो दिसेनासा झाला. म्हणजे एकाच हौदात दोन जातींचे डाग, एकाला क्लोरीन घालवतं, दुसऱ्याला तेच पक्कं करतं. आणि मी तीन महिने दोघांना एकच औषध पाजत होते.

मग मी गुलाबी रंग दाखवणारं तपासणी किट घेतलं. पिवळे थेंब घामा-मळाशी जोडलं गेलेलं, कामातून गेलेलं क्लोरीनही मोजतात. गुलाबी किट मोकळं क्लोरीन वेगळं दाखवतं. ते निघालं जेमतेम 1.5 पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात दीड भाग. पण खरा धक्का सायन्युरिक ॲसिडच्या चाचणीने दिला. हे ॲसिड क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. ते नसेल तर पुण्याच्या मे महिन्यात दुपारीच सगळं क्लोरीन उडून जातं. 30 ते 50 पीपीएम असेल तर उत्तम. पण ते गोळ्यांतच असतं, आणि उडत नाही, साठत जातं. हौदाचा गुणाकार तेव्हा पहिल्यांदा केला: 6 मीटर लांब, 3 रुंद, सरासरी 1.2 खोल, म्हणजे 21,600 लिटर. इतक्या पाण्यात एक गोळी सुमारे 5 पीपीएमची भर घालते. मी चोवीस टाकल्या होत्या. या चाचणीत गढूळ केलेलं पाणी नळीत ओतत जायचं, तळाचा काळा ठिपका जितक्या लवकर दिसेनासा होईल तितकं ॲसिड जास्त. आमचा ठिपका 100 च्या रेषेच्या आधीच गडप झाला. पाणी निम्मं पातळ करून पाहिलं, आलेला आकडा दुप्पट केला, तर 110 च्या आसपास. इतक्या ॲसिडने बांधून ठेवलेलं 1.5 पीपीएम क्लोरीन शेवाळाचं काय वाकडं करणार?

उपाय एकच, पाणी बदलणं. हौद पूर्ण रिकामा केला नाही, कारण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या हौदाला खालून रेटतं. निम्मं पाणी काढलं. ते क्लोरीन पूर्ण उतरल्यावर झाडांना दिलं. पण भरायचं कशाने? पुन्हा बोअर म्हणजे पुन्हा चहा. गच्चीचं पावसाचं पाणी बोअरकडे नेणारा पाइप होता, तो नवऱ्याने हौदाकडे वळवला (पहिल्या दोन सरी सोडून, गच्ची धुऊन जाऊ दिली). 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, लोखंडाचा कण नसलेले. जुलैच्या मध्यापर्यंत हौद काठोकाठ भरला. पावसाच्या पाण्याने क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, उतरली, ती खाण्याच्या सोड्याने चढवली.

डाग काढायला क्लोरीन शून्यावर हवं, आणि शून्यावर शेवाळ टपलेलंच असतं. म्हणून ढगाळ आठवडा निवडला. पेठेतून पाव किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड आणलं, म्हणजे तेच व्हिटॅमिन सी, पावडर स्वरूपात. अर्धं पायऱ्यांवर सोडलं. तासाभरात डाग फिके व्हायला लागले. आई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं.

लोखंड मात्र पाण्यातच राहतं, फक्त पुन्हा अदृश्य होऊन. लगेच क्लोरीन टाकलं तर केलेलं सगळं मातीत. त्याला धरून ठेवणारं रसायन, दुकानात सिक्वेस्ट्रंट मागायचं, ते आधी टाकलं. मग थोडं थोडं द्रवरूप क्लोरीन. पहिले तीन दिवस गुलाबी रंग येईचना, कारण उरलेलं व्हिटॅमिन सी क्लोरीन गिळत होतं. चौथ्या दिवशी भिंती बुळबुळीत लागल्या, दोन वेळा ब्रश मारला. सहाव्या दिवशी फिकट गुलाबी दिसला.

आता गोळ्या बंद. 10 टक्क्यांचं द्रव क्लोरीन, एका लिटरने हौदात साधारण साडेचार पीपीएम चढतं. सायन्युरिक 55 वर आहे, म्हणून मोकळं क्लोरीन 4 च्या आसपास ठेवते. कॅन जुना झाला की त्याचा जोर उतरतो, म्हणून एका वेळी एकच आणते, तोही सावलीत.

टँकर मागवावा लागला तर आधी एक बादली भरून घेते, त्यात झाकणभर क्लोरीन टाकून रात्रभर ठेवते. परवाच्या बादलीत सकाळी चहा निघाला. टँकर परत पाठवला. आईंनी ती बादली तुळशीपासून लांब, कर्दळीला ओतली.