चौघांचा विश्वास

बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याची गोष्ट मी शब्बाथशाळेत ऐकली, तेव्हा माझे सारे लक्ष शेवटाकडे, म्हणजे बाज उचलून चालू लागलेल्या त्या माणसाकडे असे. ज्यांनी त्याला कफर्णहूम गावात येशू होता त्या घरापर्यंत वाहून आणले आणि गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसवून बाज खाली सोडली, ते चौघे माझ्या लेखी केवळ हमाल होते. तीन वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून ही गोष्ट मला निराळी वाचता येऊ लागली.

आम्ही ठाण्यात चरईमध्ये, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या घरातील प्लास्टिकची खुर्ची आणली आणि चौघांनी बाबांना तिच्यात बसवून खाली उतरवले. काका आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचे सारे काम पाहतात, आणि उरलेल्या तिघांपैकी एका मुलाशी त्याआधी आम्ही धड बोललोही नव्हतो. बाबा त्या वेळी प्रार्थना करण्याच्या स्थितीत नव्हते आणि खरे सांगायचे तर मीही नव्हतो.

पुढे रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून मार्क पुन्हा वाचताना मी पाचव्या वचनापाशी अडलो, कारण तेथे येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असे लिहिले आहे. आजाऱ्याच्या स्वतःच्या विश्वासाविषयी तेथे एक अक्षरही नाही. मग शोधू लागलो, तेव्हा शताधिपती या रोमी लष्करी अधिकाऱ्याच्या चाकरापासून सभास्थानाचा अधिकारी याईर याच्या मुलीपर्यंत कितीतरी जण दुसऱ्या कोणाच्या तरी विनवणीवर बरे झालेले आढळले. भूतग्रस्त मुलाच्या बापाने तर आपल्या अविश्वासाची कबुली देऊनच मदत मागितली आणि तरीही त्याला कोणी परत पाठवले नाही. बाबा घरी आल्यावर एका परिचितांनी आग्रहाने आम्हांला चंगाई सभेला, म्हणजे आजाऱ्यांना बरे करण्यासाठी भरवलेल्या प्रार्थनासभेला, नेले होते आणि हात अजून उचलत नाही, त्याअर्थी विश्वास कुठेतरी उणा पडतो आहे, असे तेथे आम्हांला ऐकवण्यात आले. ते बोल मला फार लागले; पण शुभवर्तमानातील आजाऱ्यांपैकी किती जण त्या परीक्षेत उतरले असते, असा प्रश्न आता मला पडतो.

याच्या अगदी उलट गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून असलेला तो मनुष्य अडतीस वर्षांचा आजारी, आणि बरे व्हायचे आहे का, या येशूच्या प्रश्नाला त्याचे उत्तर एवढेच की, पाणी हलते तेव्हा त्यात सोडायला त्याच्याजवळ माणूस नाही; हललेल्या पाण्यात जो आधी उतरेल तो बरा होतो, असा तेथे समज होता. तलावपाळीवर काठी टेकत बाबांची फेरी चालू असते, तेव्हा बाकांवर एकेकटे बसलेले वृद्ध पाहून मला हे वाक्य हटकून आठवते. आजाराइतकेच त्याचे एकटेपण योहानाने नोंदवून ठेवले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

बाबांचे बालपण नगर जिल्ह्यातील एका खेड्यात माळवदाच्या घरात गेले. कफर्णहूम ज्या प्रांतात होते त्या गालीलातील घरांची धाबीही लाकूड, काड्या आणि मातीचीच असत, त्यामुळे ही गोष्ट निघाली की बाबा पूर्वीपासून एकच प्रश्न विचारत: ते भगदाड नंतर बुजवले कोणी? (हीच गोष्ट आपल्या शुभवर्तमानात सांगताना लूक तेथे कौले काढल्याचे लिहितो, पण बाबांचे मत मार्काच्या बाजूने आहे.) आता त्यांची वाक्ये अर्ध्यावर थांबतात आणि उजवा हात अद्याप साथ देत नाही. तरीही घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी मला जिन्याकडे बोट दाखवून ‘खुर्ची… पाय…’ असे दोनदा म्हटले, तेव्हा कोठे मला कळले की त्या रात्री काकांच्या खुर्चीचा एक पाय तडकला होता. जांभळी नाक्यावरून मी नवी खुर्ची आणली. ती एकट्याने नेऊन द्यायला बाबांनी मला मनाई केली आणि डाव्या हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, ते माझ्यामागून एक मजला उतरून आले.