राउटरचं सोलर: पॅनलची जागा बदलली, पिन सापडली

मंडळी, गुहागरजवळच्या घरचा राउटर सोलरवर न्यायचं काम एकदाचं मार्गी लागलं. पावसात तिकडे लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही, आणि घरी आई-अण्णा दोघंच. मोबाइलला रेंज मिळते ती खळ्याच्या एका कोपऱ्यात. फायबरचं बरं असतं, वाटेत एका फायबरचे फाटे करणाऱ्या स्प्लिटरना वीज लागत नाही. एक्स्चेंजच्या टोकाला वीज असली आणि आपला डबा चालू राहिला की नेट चालतं.

आधी मोजमाप. अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर छापलंय, पण मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला तर 0.55 अँपिअरच निघाले. म्हणजे साडेसहा वॅट, दिवसाला सुमारे 160 वॅट-तास. व्होल्टेज सांभाळणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून 175. घरात जुना इन्व्हर्टर होता, पण काही न जोडताही तो बॅटरीतून एक अँपिअर ओढत होता. राउटरच्या जवळजवळ दुप्पट! तो विचार तिथेच सोडला.

घेतली 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी, पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज आटोक्यात ठेवणारा चार्ज कंट्रोलर, 3 अँपिअरचा फ्यूज आणि व्होल्टेज उतरवणारा-चढवणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर. चार्ज होताना बॅटरी 14.4 पर्यंत चढते, उतरली की 12 च्या खाली येते. राउटरला दोन्ही वेळी 12 च मिळायला हवेत, म्हणून नुसता उतरवणारा साधा बक चालत नाही.

पॅनल आधी 50 वॅटचं होतं. भर उन्हात 2.7 अँपिअर छान येत होते, पण साडेतीनला माडाच्या एका झावळीची हातभर सावली खालच्या कोपऱ्यात आली की आकडा 0.6 वर. सगळे सेल एकामागे एक जोडलेले, एक अडला की मागचे अडतात. आता 100 वॅटचं पॅनल विहिरीकडच्या मोकळ्या जागेत आहे, तोंड दक्षिणेला, कल 18 अंश.

खरा जीव खाल्ला तो पिनने. रात्री राउटर दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट व्हायचा. बॅटरी 13.1, कन्व्हर्टर बरोबर 12.0, मग दोष कुठे? दोन दिवसांनी वायरला सहज बोट लागलं आणि हिरवा दिवा लुकलुकला. कन्व्हर्टरकडून येणाऱ्या वायरची पिन 5.5 × 2.5 मिमीची, राउटरचा जॅक 5.5 × 2.1 चा. बाहेरचं माप एकच, म्हणून बसते अगदी फिट. आत मात्र संपर्क जेमतेम. योग्य पिन सोल्डर केली, त्यानंतर एकही रीस्टार्ट नाही.

गेल्या मंगळवारी सव्वासात तास लाइट नव्हती, अण्णांना पंखा बंद पडल्यावर कळलं. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळात बॅटरीतून 8 अँपिअर-तास जातात. खारी हवा आहे, म्हणून टर्मिनलना व्हॅसलिन लावलंय. जुलैच्या सलग झडीत 100 वॅट पुरतात का, याची रोजची नोंद आई वहीत ठेवणार आहे.