सुताराच्या घरातली मेणबत्ती

आजच्या फ्रान्समधल्या लॉरेन या प्रदेशातल्या जॉर्ज द ला तूर या चित्रकाराने १६४२ च्या सुमारास रंगवलेले ‘सुतार योसेफ’ हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ते जितके पाहावे तितके माझे लक्ष एकाच जागी खिळते, आणि ती जागा म्हणजे लहानग्या येशूचा डावा हात. रात्र झाली आहे, योसेफ वाकून गिरमिटाने लाकडाला भोक पाडतो आहे, आणि मुलगा त्याच्यासाठी मेणबत्ती धरून बसला आहे. वाऱ्याने विझू नये म्हणून ज्योतीला त्याने तळहाताचा आडोसा केला आहे, आणि उजेड बोटांतून आरपार गेल्याने बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत. लहानपणी वीज गेल्यावर ज्याने अशी ज्योत सांभाळली असेल, त्याला हा रंग ओळखीचा वाटेल. नखांच्या कडांशी साचलेला मळसुद्धा चित्रकाराने गाळलेला नाही, आणि त्यामुळेच हे मूल मला खरोखर सुताराच्या घरातले वाटते.

असा प्रसंग बायबलमध्ये कुठेच वर्णिलेला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणतात, एवढाच काय तो धागा. पण ला तूरने त्यातून बाप आणि मुलगा यांच्यातले अंतर उजेडाने मोजले आहे. मुलाचा चेहरा जवळजवळ ज्योतीइतकाच उजळ आहे. योसेफाच्या वाट्याला मात्र कपाळावरच्या सुरकुत्या, दाढी आणि दंडाचे ताणलेले स्नायू उजळतील एवढाच प्रकाश येतो, आणि बाकी सारे तपकिरी काळोखात विरते. निळा किंवा हिरवा रंग जणू वर्ज्यच केलेला असल्यामुळे तांबड्या-तपकिरी छटांची ऊब कुठेही मोडत नाही.

तरीही हे चित्र निवांत नाही. योसेफाच्या पायाशी पडलेला जाड वासा पाहून क्रूस आठवतोच, आणि चित्रकाराला तेच सुचवायचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटते, पण वाशापेक्षाही योसेफाच्या डोळ्यांमुळे. गिरमिटावरची त्याची पकड सुटलेली नाही. नजर मात्र कामावरून उठून मुलाकडे गेली आहे, आणि त्या डोळ्यांत मेणबत्तीचा ओलसर ठिपका चमकतो आहे. मुलगा काहीतरी बोलत असावा, कारण त्याचे ओठ किंचित उघडे आहेत.