बॅटरी किती तास चालते ते नंतर, आधी झाकण उघडतं का ते बघा

परवा सोलापूरच्या एका मुलाचा फोन आला, आमच्यातलाच आहे, म्हणजे दृष्टिहीन, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणाला काका डेझी प्लेयर (आपल्याला पुस्तकं ऐकवणारं छोटं मशीन) घ्यायचाय, एकावर लिहिलंय वीस तास आणि एकावर बारा, वीसवाला घेऊ ना? मी म्हटलं अरे तास सोड, मागचं झाकण उघडतं का ते सांग. तो गप्पच. दुकानदाराला विचारून सांगतो म्हणाला. त्याला फोनवर जे सांगितलं ते नीट लिहून ठेवावं म्हणून ही पोस्ट, कारण हाच प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो.

माझं वाचन सुरू झालं कॅसेटवर. टेपला चार पेन्सिल सेल लागायचे आणि मोटर असल्यामुळे ते भराभर संपायचे, पण एक गोष्ट फार छान होती. सेल उतरायला लागले की वाचणाऱ्या बाईंचा आवाज हळूहळू जाड व्हायचा, मग बाप्यासारखा व्हायचा, मग रेडा बोलतोय असं वाटायला लागलं की समजायचं, दहा मिनिटं राहिली. कुणाला लाल दिवा बघायला बोलवायला नको. डिजिटल आलं आणि ही सोय गेली, आता आवाज शेवटच्या सेकंदापर्यंत खणखणीत आणि मग एकदम सामसूम, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री.

म्हणून माझी पहिली अट ही की मशीनने बॅटरी किती राहिली ते बोलून सांगितलं पाहिजे, आणि मी विचारेन तेव्हा. व्हिक्टर रीडर स्ट्रीम नावाच्या प्लेयरवर शून्याचं बटण दाबलं की इतर माहितीबरोबर बॅटरीही सांगतो, असं हवं. नुसतं संपत आल्यावर टुंई करणारं मशीन काय कामाचं, तेव्हा मी एसटीत असतो.

आता सेलचं. पूर्वी अमेरिकन प्रिंटिंग हाऊस या अंधांसाठीच्या संस्थेचा बुक पोर्ट नावाचा प्लेयर होता तो दोन पेन्सिल सेलवर चालायचा, आणि त्याचं मोठेपण आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात कळलं असतं. गावाकडे दिवसाचे कितीतरी तास लाईट नाही, तेव्हा चार्जिंगचं मशीन म्हणजे वीट, आणि पेन्सिल सेल मात्र पानपट्टीवर पण मिळतो. घालायलाही आपल्याला सोपा, टोक आलेली बाजू प्लस, सपाट बाजू मायनस, आणि खाचेत स्प्रिंग लागली की तिकडे सपाट बाजू टेकवायची. फक्त बदलायचा तो खाली ताट किंवा रुमाल अंथरून बदला, नाहीतर सेल पलंगाखाली गडगडतो आणि अख्खी दुपार त्याला शोधण्यात जाते, हे मी अनुभवाने सांगतोय.

नवा कुठला आणि वापरलेला कुठला हे ओळखायची एक युक्ती आहे, डोळस लोकांना पण माहीत नसते. अल्कलाइन सेल टेबलावर दोन बोटं उंचीवरून सरळ, सपाट बाजू खाली करून सोडायचा. नवा असेल तर थप्प करून बसतो, वापरलेला टण्णकन उडतो. आतली जस्ताची पेस्ट वापरात ऑक्साइड होऊन घट्ट होत जाते म्हणून. प्रिन्स्टनच्या लोकांनी २०१५ मध्ये यावर संशोधन पण केलंय आणि त्यांचं म्हणणं, उडाला म्हणजे सेल मेला असं नाही, निम्म्याच्या आसपास वापरला असेल तरी पुरेपूर उडतो. त्यामुळे याने फक्त नवे आणि जुने वेगळे होतात, उडालेले सगळे फेकू नका, घड्याळात घाला. आणि रिचार्जेबलवर ही युक्ती चालवू नका.

रिचार्जेबल पेन्सिल सेल म्हणजे बहुतेक निकेल मेटल हायड्राइड. माझ्याकडे आठ आहेत, शेकडो वेळा चार्ज होतात, खर्च वाचतो. पण गंमत अशी की साधा सेल दीड व्होल्टचा आणि हा १.२ चा. मशीन अल्कलाइनच्या हिशोबाने मोजत असेल तर ते अर्ध्यातच बॅटरी लो म्हणून ओरडायला लागतं, तुम्ही घाबरून बदलता, आणि खरं म्हणजे त्यात अजून बरंच शिल्लक असतं. उलट शेवटी शेवटी हा सेल असा झपकन पडतो की सांगायला वेळच मिळत नाही. म्हणून मशीनमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायचा ऑप्शन असेल तर तो निवडाच. चार्जर घेताना पण विचारा, नुसता लाल हिरवा दिवा असेल तर आपल्याला काय, बीप देणारा बघा, किंवा मग तास मोजून काढा. आणि साधे सेल मशीनमध्ये घालून महिनाभर विसरू नका, पाझरतात, माझा एक रेडिओ तसाच गेला, स्प्रिंग हाताला खरखरीत लागली तेव्हा कळलं.

आता सगळीकडे लिथियम आहे, आणि ते चांगलंच आहे, हलकं, जास्त चालतं. पण लिथियम म्हातारं होतं. तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज केलं की त्याची ताकद साधारण ऐंशी टक्क्यांवर येते, आणि उन्हाळ्यात खिडकीत ठेवून सतत चार्जिंगला लावून ठेवलं की त्याआधीच. माझ्याकडे एक प्लेयर होता, बॅटरी आतच सोल्डर केलेली. तीन वर्षांनी मागची बाजू हाताला फुगीर लागायला लागली, मी म्हटलं कव्हर सैल झालंय म्हणून दोन दिवस वापरला पण. मग भाच्याने बघितलं आणि ओरडलाच, मामा ठेव तो खाली. कंपनीला फोन केला तर म्हणे बॅटरी मिळणार नाही, नवा घ्या. मशीन ठणठणीत, बटणं ठणठणीत, आणि फक्त आतल्या दोन इंच पिशवीपायी तो गेला. फुगलेली बॅटरी आपल्याला दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मशीन सपाट टेबलावर ठेवून हलवून बघा, डुगडुगलं तर चार्जिंग बंद करून तसंच दुरुस्तीवाल्याकडे न्या, दाबू नका, टोचू नका.

ब्रेल डिस्प्लेमध्ये, म्हणजे टिंबं वरखाली करून मजकूर बोटांनी वाचायला देणाऱ्या मशीनमध्ये, तर हे आणखी महत्त्वाचं, कारण वस्तू महाग. बहुतेकांमध्ये टिंब वर उचलायला पिझो (वीज दिली की वाकणारी पट्टी) लागतो, त्याला दोनशे व्होल्टच्या आसपास लागतात, ते आतल्या आत वाढवून घेतात. ऑर्बिट रीडर २० या ब्रेल डिस्प्लेची बॅटरी स्वतः काढता येते हे मला त्यात सगळ्यात आवडलेलं, बाकी पिना वर येताना आवाज करतो, रात्री आमची ही कुरकुरते.

पॉवर बँक जवळ असेल तर एवढं कशाला, असं बरेच म्हणतात. पण बऱ्याच पॉवर बँका कमी करंट ओढणाऱ्या वस्तूला ओळखतच नाहीत, काही वेळाने आपोआप बंद पडतात, आणि छोटा प्लेयर ओढतो किती, अगदीच थोडं. रात्रभर लावून ठेवला, सकाळी तेवढाच. घेण्याआधी स्वतःच्या प्लेयरवर तासभर लावून बघा. पिन टाइप सी असेल तर फार बरं, कुठूनही घाला जाते, मायक्रोवाली अंदाजाने उलटी खुपसून माझी दोन सॉकेटं गेलीत.

विमानाने जाणार असाल तर लिथियमच्या जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, खाली द्यायच्या सामानात चालत नाहीत.

रात्री त्या मुलाचा परत फोन आला. म्हणाला काका, वीसवाल्याला झाकणच नाही, बारावाल्याला आहे, दोन स्क्रू आहेत आणि बॅटरी वेगळी विकत मिळते म्हणाला दुकानदार. मी म्हटलं किती रुपयांना, ते विचारलंस का? नाही म्हणाला. उद्या विचारणार आहे.